शेक घराजवळ आला: मराठवाड्यातील किरणोपचारांची वाटचाल

कर्करोगाची शस्त्रक्रिया एकदा होते, केमोसाठी बहुधा तीन आठवड्यांनी यावे लागते. शेकाचे, म्हणजे किरणोपचारांचे, तसे नाही. सोमवार ते शुक्रवार, रोज, पाच-सात आठवडे. मध्ये खाडे पडले तर उरलेल्या कर्कपेशी पुन्हा जोर धरतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचा आणि आतला शेक मिळून आठ आठवड्यांत उपचार पुरे व्हावेत, असा वैद्यकीय दंडक आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या रुग्णाला मुंबईत दोन महिने राहायचे म्हणजे मजुरी बुडणार, सोबतच्या माणसाचीही बुडणार. मग उपचार अर्धवट सुटतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाचे मोल या हिशेबाने करायला हवे.

या शहरात कर्करोगाच्या अभ्यासाला जुनी परंपरा आहे. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे साऱ्या मराठवाड्याची ‘घाटी’. १९७८ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीच्या मुंबई नोंदणीची शाखा इथे काम करू लागली. कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग होतो, याची नोंद अशी शहरात होऊ लागली. मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याच्या गावांत बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ मध्ये या गावांनी जगाला दाखवले.

घाटीशी संलग्न असलेले स्वतंत्र कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये उभे राहिले. टाटा मेमोरियलने मार्गदर्शकाची भूमिका घेतली. पुढे केंद्र सरकारच्या योजनेतून त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. २०१२ मध्येच राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तीच आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. किरणोपचार या योजनेत बसल्याने गरीब रुग्णाच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला.

यंत्रांची कहाणीही समजून घेण्यासारखी आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले देशी कोबाल्ट यंत्र ‘भाभाट्रॉन’ इथे आले. परदेशी यंत्रापेक्षा ते स्वस्त आणि विजेचा खेळखंडोबा असतो तिथेही तग धरणारे. पण कोबाल्ट-६० चा स्रोत महिन्याला सुमारे एक टक्का क्षीण होतो आणि सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो. तितका प्रत्येक रुग्णाचा यंत्राखालचा वेळ वाढतो आणि बाहेरची रांग लांबते. विजेवर किरण तयार करणाऱ्या ‘लिनॅक’ यंत्राला ही अडचण नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी इथल्या ‘ट्रूबीम’ या अद्ययावत लिनॅकचे दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केले. शेक देण्यापूर्वी ते आतली प्रतिमा घेते, श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठीचा माग ठेवते.

या अचूकतेचा पाया मात्र माणसांच्या हातात असतो. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण मोल्ड रूममध्ये झोपतो. गरम पाण्यात मऊ झालेली जाळीदार प्लास्टिकची शीट त्याच्या चेहऱ्यावर ओढली जाते; काही मिनिटांत ती थंड होऊन घट्ट मुखवटा तयार होतो. त्यावर खुणा करतात, तसाच सीटी काढतात. मग डॉक्टर गाठीच्या आणि लाळग्रंथींच्या सीमा आखतात, भौतिकशास्त्रज्ञ किरणांची मात्रा मोजून पडताळतात. पहिला शेक त्यानंतर.

नव्या यंत्राचा रुग्णाला काय लाभ, याचे उत्तर टाटा मेमोरियलच्या संशोधनात सापडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर प्रतिमेच्या आधाराने नेमका शेक दिला, तेव्हा आतड्यांचे उशिरा होणारे त्रास सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. यंत्राइतकेच शेकाला मिळणाऱ्या औषधाच्या जोडीलाही महत्त्व आहे. टाटाच्याच आणखी एका अभ्यासात याच कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातील ८५० स्त्रिया होत्या. शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध दिल्यावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. हा दुसरा निष्कर्ष आपल्याकडच्यासारख्याच, उशिरा दवाखान्यात पोचणाऱ्या रुग्णांवरचा आहे.

मराठवाड्याने आता स्वतःचे प्रश्न स्वतः तपासावेत. किती रुग्णांचा शेक ठरल्या दिवसांत पुरा झाला? किती जण मध्येच थांबले, आणि कशामुळे? बसभाडे, राहण्याची सोय, की घरची पेरणी? शेकाचे दिवस कमी करणाऱ्या पद्धती कोणाला लागू पडतील? ही माहिती रुग्णालयाच्या कागदपत्रांत रोज जमते. ती नीट मांडून दरवर्षी प्रसिद्ध व्हावी आणि रुग्णासोबतच्या माणसांसाठी निवासाची सोय तिच्या आधारे ठरावी. यंत्रासाठी पैसा मिळाला. तितकाच आग्रह भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि समाजसेवा अधीक्षकांची पदे भरण्यासाठी आपण धरला पाहिजे. रुग्णाचा शेवटचा शेक वेळेवर होतो तो या माणसांमुळे.