प्रसववेदना, क्लोरोफॉर्म आणि धाराशिव

बाळंतकळांचा विषय निघाला की आमच्याकडील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडी एवेचे नाव हमखास येई. कळा हा देवाचाच नेम, त्या सोसायच्याच, असा त्या बोलण्याचा भाव असे. हा समज तपासू लागलो, तेव्हा वाट एडिंबरोहून निघून थेट धाराशिवच्या मुलखात येऊन पोहोचली.

१८४७ साली एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत प्रथम ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला देऊन कोणी हरकत घेतलीच, तर उत्तर हवे म्हणून त्यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका काढली. त्या वचनातील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ कष्ट असा होतो, आणि आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला गाढ निद्रा आणली होतीच, असा त्यांचा युक्तिवाद. (धर्ममंडळींनी केलेल्या विरोधाचा पुढे जेवढा बोभाटा झाला, तेवढा तो प्रत्यक्षात नव्हता.) १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतले आणि कुजबुज बरीच थांबली.

त्याच १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. आपल्या विषयाशी या जिल्ह्याचे नाते जुळते ते येथे.

क्लोरोफॉर्मने वेदना थांबत, पण कधी कधी प्राणही जाई. १८४८ साली इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेत दगावली. मरण हृदय थांबून येते की श्वास थांबून, यावर वैद्यांत कडाक्याचा वाद पेटला. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पैशाने १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. कुत्री व माकडे मिळून शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वासावर नजर ठेवण्याचा सल्ला चांगला होता, निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. क्लोरोफॉर्मने हृदयही अचानक थांबू शकते, हे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले.

या कामात रूपाबाई फरदूनजी ही पारशी तरुणी होती. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाईंची गणना जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते. पुढे १९०९ साली अधिक शिक्षणासाठी त्या एडिंबरोला गेल्या, म्हणजे सिम्प्सन यांच्याच गावी!

राजधानीत हे चालले होते, तेव्हा परंडा, भूम, तुळजापूरच्या खेड्यांत अडलेल्या बाईजवळ सुईणच असे. कढत पाणी, तेलाची मालीश, कंबर दाबून धरणारे हात आणि धीराचे दोन शब्द, एवढेच तिचे औषध. आम्ही ते कमी लेखत नाही. मालीश आणि प्रसूतीवेळची सोबत या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली आहे. मात्र मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्यूरलही मिळावे, असे तीच संघटना त्याच शिफारशींत सांगते.

ख्रिस्तसभेचा शब्द याआधीच उच्चारला गेला होता. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी प्रसूतितज्ज्ञांपुढे स्पष्ट केले, की उत्पत्तीतील त्या वचनाने मातेला वेदनाशमनाची बंदी केलेली नाही. मनाची तयारी करून भय घालवण्याची जी पद्धत त्यांनी तपासली, ती सोव्हिएत रशियात वाढलेली होती. संशोधकाची विचारसरणी वेगळी म्हणून त्याचे शास्त्र खोटे ठरत नाही, हेही त्यांनी सांगितले. १९५७ साली भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना ते म्हणाले, की दुःख स्वेच्छेने स्वीकारता येते, पण ते ओढवून घेण्याची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही. १९५६ च्याच नोव्हेंबरात हा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला.

आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. पोट उघडून प्रसूती करायची तर पाठीच्या कण्यात इंजेक्शन देणारा तज्ज्ञ बोलावला जातो. साध्या प्रसूतीच्या कळा मात्र तासन् तास चालतात, आणि तितका वेळ खाटेपाशी थांबेल असा भूलतज्ज्ञ लहान गावात क्वचितच मिळतो. तेथील बाई कळा सोसते ती शास्त्रवचनामुळे नव्हे.