पाऊस, वारा आणि छप्पर : राहनाळ (भिवंडी) परिसरातील घरबांधणीचा ऐतिहासिक विचार

ठाणे-भिवंडी रस्त्यावरील काशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे आज गोदामांची गावे म्हणून ओळखली जातात. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या उंबरठ्यावर, या स्थानामुळे भातखाचरांच्या जागी पत्र्याची प्रचंड छपरे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र राहिली. या स्थित्यंतराच्या आर्थिक बाजूची चर्चा पुष्कळ होते. त्याच काळात या गावांतील राहते घर कसे बदलले आणि त्या बदलाचा येथील हवामानाशी काय संबंध आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

हवामानाची अट

राहनाळ सुमारे सव्वाएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर, उल्हास खाडीच्या जवळ वसलेले आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे जे पाच हवामान विभाग केले आहेत, त्यांपैकी ‘उष्ण-दमट’ विभागात हा पट्टा येतो. वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मे महिन्याच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे घराला लागणारी उन्हाळ्यातील सर्वांत मोठी झळ भिंतीकडून नव्हे, तर छपराकडून येते. जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, परंतु तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते.

देशावरील घराशी तुलना केल्यास या अटीचे वेगळेपण स्पष्ट होते. पुणे-सोलापूरकडे दिवस तापतो, पण रात्र निवते. तेथे जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता अडवून धरते आणि रात्री थंड होते. मराठवाड्यातील धाब्याचे सपाट माळवदही त्याच तर्काने टिकते. खाडीकाठी दिवस-रात्रीच्या तापमानात तेवढा फरक नसतो. जाड भिंत येथे उष्णता साठवते, ती टाकायला मात्र तिला थंड रात्र मिळत नाही. येथे शरीराला गारवा मिळतो तो वाहत्या वाऱ्याने. अडचण अशी की, पावसाळ्यात वारा ज्या नैर्ऋत्य-पश्चिम दिशेने येतो त्याच दिशेने पावसाची झडही येते. वारा आत घ्यायचा आणि पाऊस बाहेर ठेवायचा, हा उत्तर कोकणातील घराचा मूळ पेच होय.

जुने घर

भातशेती व मिठागरांवर जगणाऱ्या आगरी वस्तीचे, तसेच शेजारच्या कुणबी-कोळी वस्त्यांचे पारंपरिक घर या पेचाचे उत्तर म्हणून पाहता येते. उंच जोते, चारी बाजूंनी उतरते छप्पर, छातीपर्यंत खाली आलेली वळचण, पुढे ओटी किंवा पडवी, आत अंधारे माजघर आणि मागे परसू. भिंती बहुधा कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिलेल्या. ऐपत असेल तेथे विटांच्या. कुडाची भिंत पुष्कळदा आढ्यापर्यंत जात नसे. भिंत आणि पाखे यांमधील ही फट दुर्लक्षाची खूण नव्हती. चुलीचा धूर व तापलेली हवा तेथूनच बाहेर पडे. हाच धूर वाशांना आणि पेंढ्याला कीड लागू देत नसे.

पडवीचे महत्त्व यापेक्षाही अधिक. खोल वळचणीमुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडत आणि पाऊस चालू असतानाही दार उघडे ठेवता येई. पाऊस अडवून वारा आत घेणारी ही जागा बसण्याउठण्याची, जाळे विणण्याची, पाहुण्याची आणि पावसाळ्यात ओले कपडे वाळवण्याचीही होती. पश्चिमेच्या बाजूस पावसाळ्यापूर्वी झावळ्यांची किंवा गवताची झड बांधली जाई. दिवाळीच्या सुमारास ती सोडून सरपणाला वापरली जाई. म्हणजे घराची एक भिंत ऋतूप्रमाणे येत-जात असे. आधुनिक वास्तुशास्त्रात ज्याला ‘हलते आवरण’ म्हणून गौरविले जाते, ते येथे दरवर्षीचे साधे काम होते.

अंगणही घराचाच भाग होते. पावसाळा संपताच ते चोपून सारवले जाई, भाताची मळणी तेथे होई आणि उन्हाळ्यात त्यावर मांडव पडे. मांडवामुळे जमीन तापत नसे आणि पडवीत येणारा वारा सावलीतून येई. आंबा, चिंच, शेवगा ही परसातील झाडे फळासाठी लावलेली असली, तरी त्यांची सावली छपरावर पडे, ही गोष्ट लावणाऱ्याला ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे खंडात निरनिराळ्या जातींच्या वर्णनात घरांचेही उल्लेख येतात. मात्र घर हे तेथे मुख्यतः ऐपतीचे मोजमाप आहे. गवताचे छप्पर म्हणजे गरिबी, कौलारू घर म्हणजे सुबत्ता, ही वर्गवारी पुढे प्रशासनाच्या ‘कच्चे’ व ‘पक्के’ या शब्दांत कायम झाली. तीत हवामानाला स्थान नव्हते, आणि या दृष्टीचा परिणाम दूरवर गेला.

साहित्याचा प्रश्न

जुन्या घराचे गुणगान करताना एक गोष्ट विसरली जाते : ते जंगलावर अवलंबून होते. कारवी, बांबू, साग, गवत हे सारे शहापूर-वाडा-मुरबाडच्या रानातून येई. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत लाकूडफाटा आणि राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कांवरून इतका असंतोष निर्माण झाला की, १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. हा वाद मुख्यतः शेतीचा होता, हे खरे. परंतु जे रान राब पुरवी तेच कूडही पुरवी. दरवर्षी साहित्य बदलणे ज्या घराच्या टिकण्याची अट होती, त्या घराला साहित्य दुर्मीळ होणे परवडणारे नव्हते.

मंगळुरात बाझेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे हे सपाट, एकमेकांत अडकणारे कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचले. गावठी नळ्यांचे छप्पर दरवर्षी मे महिन्यात शाकारावे लागे. माकडे, वारा, मांजरे यांनी हललेले नळे पुन्हा बसवावे लागत. मंगलोरी कौलाने हे काम जवळजवळ संपविले. छपराचा उतार, वळचण आणि पडवी मात्र तशीच राहिली. साहित्य बदलले तरी हवामानाशी केलेला करार मोडला नाही, असा हा बहुधा एकमेव बदल.

सिमेंटच्या स्लॅबने तो करार मोडला. येथे दोष केवळ अनुकरणाचा मानणे अन्यायाचे होईल. सारवणाचे श्रम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे होते. वाळवी, विंचू, गळती आणि आग यांची भीती खरी होती. भावांत वाटण्या झाल्या की आडवे पसरलेले घर पुरेनासे होई, आणि वर मजला चढविण्याची सोय फक्त स्लॅब देत असे. १९८५ पासूनच्या इंदिरा आवास योजनेने आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) ‘पक्के’ घर हेच ध्येय ठरविले. नव्या योजनेत किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरले. एवढ्या क्षेत्रात पडवीला जागा द्यायची तर खोलीच लहान करावी लागते. साहजिकच पडवी गेली. एका अर्थी कोरड्या मुलखातील धाब्याचा आकार अतिवृष्टीच्या मुलखात आला. आणि तोही मातीच्या जाडीशिवाय, केवळ चार-पाच इंच काँक्रीटचा.

नियम आणि अनुभव

२००७ मध्ये भिवंडी परिसरातील गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. नियोजनाची भाषा चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि सामासिक अंतर यांची असते. यांतील सामासिक अंतर वाऱ्याशी थेट निगडित आहे, परंतु गावठाणातील चिंचोळ्या तुकड्यांवर ते क्वचितच सुटते. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘इको-निवास संहिते’ने उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे असे सुचविले. कोरड्या-उष्ण विभागासाठी हेच प्रमाण १० टक्के आहे. देशावर बंद घर आणि कोकणात उघडे घर, हा जुना भेद आकड्यांत उमटला. पण खिडकीवर खोल वळचण नसेल, तर पावसाळ्याचे चार महिने ती बंदच राहते आणि एक षष्ठांश कागदावर उरतो.

नव्या मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात उभारलेली वसाहत राहनाळपासून फार दूर नाही. लहान अंगणाभोवतीची, उतरत्या छपरांची, वाढविता येणारी घरे तेथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनाही डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली. तिची चर्चा जगभर झाली. ठाणे जिल्ह्याच्या घरकुलांवर तिचा मागमूस दिसत नाही.

गावकऱ्यांनी मात्र आपला मार्ग शोधला आहे. स्लॅब गळू लागला की गच्चीवर लोखंडी खांब रोवून उतरत्या पत्र्याची पावसाळी शेड घातली जाते. तिच्या बाजू उघड्या असतात. पत्रा ऊन झेलतो, त्याखालून वारा वाहतो आणि स्लॅब सावलीत राहतो. गच्चीवर मिरच्या-पापड वाळतात, लग्नाची पंगत बसते, उन्हाळ्यात माणसे झोपतात. खाली जागा न उरल्याने पडवी वर गेली आहे. नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयाच्या लेखी मात्र अशी शेड बहुधा वाढीव बांधकामच ठरते.