दुकानदाराची चोपडी आणि फ्रान्सचे राजकारण

राजकीय पक्षांचा उदय केवळ व्याख्यानांच्या बळावर होत नाही. त्यामागे पुष्कळदा हिशेबाची चोपडी असते. फ्रान्समधील उजव्या लोकानुनयी पक्षांचा इतिहास या दृष्टीने आम्हांस उद्बोधक वाटतो.

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये सें-सेरे नावाचे लहानसे गाव आहे. जुलै १९५३ मध्ये तेथे कर-तपासनीस आले असता पिएर पूजाद या कागद-पुस्तकांच्या दुकानदाराने गावकऱ्यांस जमवून त्यांना परतवून लावले. महायुद्धानंतरच्या महागाईत छोट्या दुकानदारांचे बरे चालले होते. पुढे भाव स्थिरावले, मोठी भांडारे पुढे सरसावली, खेडी ओस पडू लागली आणि करवसुली कडक झाली. अर्थात हे बंड कंगालांचे नव्हते. हातचे जाईल या धास्तीने ग्रासलेल्यांचे होते. जानेवारी १९५६ च्या निवडणुकीत पूजादच्या पक्षास सुमारे २५ लाख मते व ५२ जागा मिळाल्या. मात्र कराच्या गाऱ्हाण्यात द्वेषाचे विषही मिसळले. माजी पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स यांच्यावर ते ज्यू म्हणून आग पाखडण्यात आली. १९५८ मध्ये द गॉल परतले आणि हा पक्ष विरून गेला.

त्या ५२ प्रतिनिधींत २७ वर्षांचे ज्याँ-मारी ल पेन होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आघाडीचे ते अध्यक्ष झाले. १९८० नंतरच्या दशकात कर कमी करा, सरकारचा हात आखडा, हाच त्यांचा घोष होता. परंतु उत्तरेकडील खाणी व पोलादाचे कारखाने बंद पडत गेले आणि कामगारही या पक्षाकडे वळले. २०११ मध्ये त्यांच्या कन्या मारीन अध्यक्ष झाल्या. त्यांनी निवृत्तिवेतन व सरकारी संरक्षण यांचा कैवार घेतला. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत त्यांचा पराभव झाला, तरी सुमारे ४१.५ टक्के मते त्यांना पडली.

एकाला सरकार नको, दुसऱ्याला सरकारचा आधार हवा. मग दोघे एकाच निशाणाखाली कसे? आमच्या मते, 'आम्ही राबतो आणि फळ भलताच खातो' ही बोच दोघांची समान होती. तो 'भलता' मात्र बदलत गेला. कधी राजधानीतील अधिकारी, कधी परदेशातून आलेला मजूर.

उत्सवाचा हिशेब सभामंडपात उघड वाचला गेला, म्हणजे वर्गणी कोणास जड वाटत नाही, हा आपल्या देवस्थानांतील नित्याचा अनुभव आहे. जेथे हिशेब वाचला जात नाही, तेथे लोक चोर शोधू लागतात. आणि बोट दाखविणारा पुढारी त्यांना लवकरच भेटतो.