बुरशीची साक्ष

दिवाळीपूर्वी ओलसर भिंतीवरची बुरशी खरवडताना मला इटलीचे बार्तोलोमेओ गोसिओ आठवतात. तिकडे भिंतींवर सोमलयुक्त हिरव्या रंगाचे कागद असत. दमट खोल्यांत मुले दगावत. १८९०च्या दशकात गोसिओंनी सोमल घातलेल्या बटाट्याच्या लगद्यावर बुरशी वाढवली. लसणासारखा वास सुटला! बुरशी सोमलाचा वायू करीत होती.

मग तीच बुरशी न्यायाच्या कामी आली. विषप्रयोगाचा संशय आला, की मृताच्या अवयवाचा अंश तिला द्यावा. अगदी अल्प सोमलही ती वासाने सांगे.

पुढे २००५ साली कलन आणि बेंटली यांनी दाखवले, की तो वायू मानला गेला तितका जहरी नाही. म्हणजे आरोपी म्हणून धरलेली अखेर साक्षीदारच ठरली!

हे घरात सांगितले. पण माझे खरवडणे काही सुटले नाही.