मोटारीच्या रंगाचे पुनरुज्जीवन

मोटारीच्या रंगाचे पुनरुज्जीवन म्हणजे ऊन, पाऊस, धूळ व दैनंदिन वापर यांमुळे निस्तेज झालेल्या किंवा ओरखडे पडलेल्या जुन्या रंगाला, संपूर्ण गाडी नव्याने न रंगवता, शक्य तितके मूळचे रूप परत मिळवून देणे होय. धुणे, झिलई देणे, उघडे पडलेले भाग रंगाने भरणे आणि शेवटी मेणाचा संरक्षक थर देणे हे या कामाचे मुख्य टप्पे आहेत. यांतील बरेचसे काम घरी करता येते. मात्र झिलई देताना रंगात भर पडत नाही, उलट त्याचा वरचा अंश घासून काढला जातो. त्यामुळे एका गाडीवर हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो.

रंगाचे थर

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यात साधारणतः चार थर दिले जातात. पत्र्यालगत विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंगद्रव्य असलेला मुख्य रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर (क्लिअर कोट) येतो. या सर्वांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यांपैकी पारदर्शक थर सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे सामान्यतः माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. खालच्या रंगाचे अतिनील किरणांपासून रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात.

जुन्या गाड्यांत वेगळा पारदर्शक थर नसे. रंग आणि चकाकी एकाच थरातून मिळे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारित ‘ड्युको’ हा लवकर वाळणारा रंग बाजारात आणला. त्याआधी मोटारीवरील वार्निशयुक्त रंग पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत. भारतातील गॅरेजांत फवाऱ्याने दिलेल्या रंगाला आजही ‘ड्युको’ म्हटले जाते.

रंग खराब होण्याची कारणे

अतिनील किरणांमुळे रंगातील राळेचे बंध तुटतात. एकस्तरीय रंगात त्यामुळे सुटे झालेले रंगद्रव्य पृष्ठभागावर खडूच्या भुकटीसारखे जमते. टप, बॉनेट व डिकीचे झाकण या आडव्या भागांवर ऊन थेट पडत असल्याने ते आधी फिके होतात. पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक आणि जड पाण्याचे वाळलेले थेंब यांचे डाग पडतात. किनारपट्टीवर खारट हवेमुळे, रंग उडालेल्या ठिकाणी गंज लवकर धरतो. धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणे हेही एक मोठे कारण आहे. धुळीतील कठीण कणांमुळे असंख्य बारीक चरे पडतात आणि उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात.

तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी रंगाचा प्रकार ओळखावा लागतो. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासल्यास फडक्याला गाडीचा रंग लागतो की नाही, हे पाहतात. रंग लागला तर वरचा थर रंगद्रव्ययुक्त आहे असे समजतात. जुनी गाडी मध्यंतरी पुन्हा रंगवलेली असू शकते, म्हणून केवळ तिच्या वयावरून निष्कर्ष काढता येत नाही. ओरखड्यावरून नख आडवे फिरवले असता ते अडकले नाही, तर तो बहुधा झिलईने जातो. नख अडकल्यास ओरखडा खोल असतो आणि तेथे रंग भरावा लागतो. जाडी मोजण्याचे छोटे विद्युत उपकरणही मिळते; अनपेक्षितपणे मोठे माप आल्यास त्या जागी पुट्टी भरलेली असण्याची शक्यता असते.

कार्यपद्धती

गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुतली जाते. धुऊनही न निघणारे कण ओल्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रकारची माती (क्ले बार) फिरवून काढतात. त्यानंतर सर्वांत सौम्य पॉलिश लहानशा भागावर वापरून पाहतात. ते पुरेसे न ठरल्यासच अधिक खरखरीत रबिंग कंपाउंड वापरले जाते. कडा व घड्या यांवर रंग पातळ असल्याने त्या आधी मास्किंग टेपने झाकतात. बफिंग मशीन एकाच जागी थांबल्यास उष्णतेने रंग जळतो, म्हणून ते सतत फिरते ठेवतात. हाताने काम संथ होते, पण नवशिक्यासाठी ते अधिक सुरक्षित असते.

खोल ओरखड्यातील गंज व मेणचट अंश काढून प्रायमर, रंग आणि पारदर्शक थर बारीक कुंचल्याने पातळ हातांनी भरतात. प्रत्येक हात वाळू दिला जातो. पूर्ण वाळल्यावर उंचवटा २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, पाणी लावत, सपाट करून पॉलिश करतात. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा दाराच्या खांबावरील किंवा इंजिनकक्षातील पट्टीवर असतो. तथापि उन्हाने फिकटलेल्या जुन्या रंगाशी कारखान्याचा रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. नायट्रोसेल्युलोजचा रंग दमट हवेत वाळताना पांढरट पडतो, त्यामुळे तो पावसाळ्यात देणे टाळले जाते.

शेवटी मेण किंवा कृत्रिम संरक्षक लेप लावतात. कार्नोबा हे यासाठीचे प्रसिद्ध मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. मेणाचा थर टिकाऊ नसल्याने तो काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो.

घरगुती उपाय

रॉकेल किंवा खोबरेल तेल चोळल्याने गाडी काही काळ चमकते, कारण तेल बारीक चऱ्यांत भरते. ही चमक धुण्याबरोबर जाते आणि तेलकट पृष्ठभागावर धूळ चिकटते. टूथपेस्टमध्ये सौम्य घर्षणद्रव्य असल्याने वरवरचा डाग निघू शकतो. मोठ्या भागासाठी मात्र ती उपयुक्त नाही.

मर्यादा

पारदर्शक थराचे पापुद्रे निघू लागल्यास झिलईचा उपयोग होत नाही. तो भाग घासून नव्याने रंगवावा लागतो. पॉलिशने थर पूर्णपणे झिजल्यास खालचा रंग उघडा पडतो आणि ती हानी भरून येत नाही. म्हणून प्रत्येक ओरखडा नाहीसा करण्याऐवजी काही खुणा तशाच ठेवणे योग्य मानले जाते. ऐतिहासिक मोटारींच्या जतनात तर मूळ रंगालाच, तो जीर्ण असला तरी, विशेष मोल असते.

सुरक्षितता व नियम

दोन घटक मिसळून वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक रंगात आयसोसायनेट असू शकते. त्याच्या फवाऱ्यामुळे दमा जडण्याचा धोका असल्याने असे काम घरी न करणे हिताचे असते. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असण्याची शक्यता असते, म्हणून ते कोरडे न घासता पाणी लावून घासतात आणि मुखपट्टी वापरतात. भारतात वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. मूळ रंगाच्या दुरुस्तीने त्यात फरक पडत नाही. गाडीचा रंग बदलायचा झाल्यास मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते.