अला : इग्बोंची भूदेवता

आग्नेय नायजेरियातील इग्बो समाजाच्या धर्माचा विचार मी आकाशस्थ चुक्वूपासून नव्हे, तर भूमीपासून आरंभितो. १८५७ मध्ये ओनिचा येथे ख्रिस्ती मिशन आले. पुढे बायबलातील ईश्वरासाठी चुक्वू हे नाव योजले गेले, आणि अलाकडे दुर्लक्ष झाले असे माझे मत आहे. प्रत्यक्ष आचारात दरारा तिचाच. पीक देणारी ती, मृतांना पोटात घेणारीही ती. स्वकीयाचा वध हा नुसता गुन्हा नव्हे, भूमीचा विटाळ. बलिदानावाचून त्याचे क्षालन नसे.

ओवेरी परिसरात देवतांसाठी, विशेषतः अलासाठी, ‘म्बारी’ नामक मातीची वास्तू उभारीत. निवडक स्त्री-पुरुष गावापासून अलग राहून महिनोन्‌महिने मूर्ती घडवीत : मध्यभागी अला, भोवती पशू, ग्रामस्थ, क्वचित गोरा अधिकारीसुद्धा! काम संपले की सारे पाऊसवाऱ्याच्या स्वाधीन, डागडुजी नाही. आपल्या जीर्णोद्धारप्रिय मनाला हे रुचणे कठीण. चिनुआ अचेबे यांनी मात्र यातच इग्बो कलादृष्टी पाहिली : महत्त्व घडविण्याला, घडलेल्या वस्तूला नव्हे.

१९६७–७० च्या यादवी युद्धानंतर ही प्रथा बहुतांशी लोपली. मला ती उमगली ती हर्बर्ट कोल यांच्या १९८२ मधील ग्रंथावरून.