एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकतोय? बल्ब बदलण्याआधी फ्लॅशर बघा

फुलंब्री : मोटारसायकलला हौसेने एलईडी इंडिकेटर बसवून घ्यायचे, बटण दाबायचं आणि बघावं तर नेहमीच्या दुप्पट वेगाने लुकलुक सुरू. गॅरेजवर ही तक्रार नवीन नाही. बरेच जण एलईडीच खराब निघाली म्हणून दुकानदाराशी वाद घालतात, दुसरी जोडी आणतात, आणि तीही तशीच फडफडते. एलईडी बहुतेक वेळा चांगलीच असते. गाडीतला फ्लॅशर तिला ओळखत नाही, एवढीच गोष्ट आहे.

हे दुरुस्त का करायचं? इंडिकेटर लागतोय ना, मग झालं, असं म्हणून चालत नाही. संभाजीनगर-सिल्लोड महामार्गावर पाल फाट्याला किंवा आळंदला वळताना मागून ट्रक, ट्रॅव्हल्स आणि जीप वेगात येत असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या पुढे जाते. मागच्याला तुमचा इशारा एका नजरेत कळला पाहिजे. फार वेगाने फडफडणारा छोटा दिवा लांबून शोभेच्या लाइटसारखा दिसतो. त्यातून हा वळतोय की नुसती लायटिंग लावलीय, ते समजत नाही.

कायद्यातही याचं माप आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे इंडिकेटरचा दिवा पिवळसर नारिंगी असावा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. घरी तपासायला मोबाइलचं घड्याळ पुरे. १० सेकंदांत किती वेळा लागतो ते मोजा. १० ते २० च्या मधे असेल तर ठीक, १५ च्या आसपास उत्तम. २५-३० भरले तर काहीतरी चुकतंय. निळे, पांढरे किंवा लाल इंडिकेटर कितीही झकास दिसले तरी नियमात बसत नाहीत. नारिंगी काचेच्या आत स्वस्त पांढरी एलईडी घातली तर उजेड फिकट पडतो आणि दुपारच्या उन्हात तो दिसतच नाही. काच नारिंगी असो की पारदर्शक, आतली एलईडी नारिंगीच घ्या.

फ्लॅशर काय करतो?

सीटखाली, साइड कव्हरच्या आत किंवा हेडलाइटच्या मागे काडेपेटीपेक्षा लहान एक डबी असते. तिला फ्लॅशर किंवा फ्लॅशर रिले म्हणतात. सापडत नसेल तर इंडिकेटर चालू करून कान लावा, बऱ्याच गाड्यांत टिक-टिक आवाज तिथूनच येतो. आवाज नाही आला तर इंडिकेटरच्या वायरींचा माग काढावा लागतो. बॅटरीचा करंट बल्बकडे सोडायचा, तोडायचा, परत सोडायचा, हे तिचं काम.

बऱ्याच फ्लॅशरना आणखी एक काम दिलेलं असतं. आपल्यातून किती करंट जातोय यावर ते लक्ष ठेवतात. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांना १२ व्होल्ट १० वॅटचे बल्ब असतात, एका बाजूला दोन. म्हणजे २० वॅट, साधारण १.६ ते १.७ अँपिअर. यातला एक बल्ब उडाला की करंट निम्मा होतो. मग फ्लॅशर वेग वाढवतो, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला पुढच्या बाणावरून कळावं की मागचा किंवा पुढचा बल्ब गेलाय. हा त्याचा इशारा आहे.

आता एलईडी बघा. ती एक-दोन वॅटवर भागवते. दोन्ही मिळून पाव अँपिअरच्या आसपासच करंट जातो. फ्लॅशरला वाटतं, या बाजूचे बल्ब उडालेत, आणि तो धावायला लागतो. काही जुने फ्लॅशर एवढ्या कमी करंटवर लुकलुकतच नाहीत, दिवा नुसता लागून राहतो किंवा लागतच नाही. कारण एकच.

एलईडी नसतानाही वेग वाढला असेल तर

इथे नवा फ्लॅशर आणायची घाई करू नका. आधी एवढं बघा की दोन्ही बाजू वेगाने चालतात की एकच. एकच बाजू धावत असेल तर बिघाड त्या बाजूच्या बल्बमधे, होल्डरमधे किंवा वायरीत आहे. फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असतो, तो एका बाजूपुरता बिघडत नाही.

आपल्याकडे जास्त त्रास मागच्या इंडिकेटरला होतो. दुधाच्या कॅन, चाऱ्याची पेंढी, खताची गोणी बांधून आणताना दांडा वाकतो आणि आतली वायर सोलून निघते. पावसाळ्यात होल्डरमधे पाणी जाऊन गंज धरतो. बल्ब काढून काचेतून तार तुटलीय का बघा. होल्डरच्या आतला पितळी ठिपका बारीक पॉलिश पेपरने घासा. मग अर्थिंग तपासा. टेस्टरची चिमटी बॅटरीच्या प्लसला लावून टोक अर्थिंगच्या वायरीवर टेकवलं आणि टेस्टर लागला, तर अर्थिंग ठीक. जुन्या हिरो होंडा गाड्यांत सहसा हिरवी वायर अर्थिंगची, नारिंगी डाव्या इंडिकेटरची आणि फिकट निळी उजव्याची असते. पण मधे कुणी वायरिंग बदललं असेल तर रंगावर विसंबू नका, टेस्टरच खरं सांगतो. एक चूक वारंवार होते : १० वॅटचा बल्ब मिळाला नाही म्हणून दुकानात जो मिळेल तो कमी वॅटचा घातला जातो. तेवढ्यानेही वेग बदलतो.

एलईडी असेल तर दोन उपाय

पहिला आणि आमच्या मते चांगला उपाय म्हणजे एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. तो करंट मोजत बसत नाही, ठरलेल्या वेळेने चालू-बंद करतो. फ्लॅशर ही गाडीतल्या स्वस्त वस्तूंपैकी आहे. मात्र दुकानात जाताना जुना फ्लॅशर काढून सोबत न्या. त्याच्या पिना मोजा. दोन पिना असतील तर एक बॅटरीकडून येणारी आणि एक इंडिकेटरच्या स्विचकडे जाणारी. तिसरी असेल तर ती अर्थिंगची. कपलर बसला म्हणजे काम झालं असं नाही, कारण तीन पिनांचा क्रम सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. डबीवर बी, एल, ई अशी अक्षरं कोरलेली असतात, ती जुन्याशी जुळवा. क्रम चुकला तर फ्यूज उडतो किंवा नवा फ्लॅशर पहिल्याच दिवशी जळतो. दोन पिनांचा एलईडी फ्लॅशर बसवल्यावर काहीच लागलं नाही तर पिना उलट्या झाल्या असतील, अदलाबदल करून बघा. काही एलईडी फ्लॅशरना काळी वायर वेगळी लोंबकळत दिलेली असते, ती चासीच्या बोल्टला रंग खरवडून घट्ट बसवायची.

दुसरा उपाय रेझिस्टरचा. सोनेरी रंगाची, पंख असलेली ती लहान वडी. ती एलईडीला समांतर जोडतात, म्हणजे एक टोक इंडिकेटरच्या वायरीला आणि दुसरं अर्थिंगला. एलईडीच्या रांगेत मधेच जोडली तर उपयोग शून्य. साधारण १० ओहमची वडी १२ व्होल्टवर १४ वॅटपर्यंत खाते, म्हणून फ्लॅशरला बल्ब असल्यासारखा वाटतो. पण हे सगळे वॅट उष्णता होऊन बाहेर पडतात. इंडिकेटर बराच वेळ चालू राहिला तर वडीला हात लावल्यावर चटका बसतो. प्लॅस्टिकच्या कव्हरला किंवा वायरिंगच्या जुडग्याला ती चिकटवली तर वायरीचं वरचं आवरण वितळून शॉर्टसर्किट होऊ शकतं. लावायचीच असेल तर २५ किंवा ५० वॅट क्षमतेची घ्या आणि उघड्या लोखंडी पट्टीवर स्क्रूने बसवा. एलईडी लावून वीज वाचवायची आणि तीच वीज वडीत जाळायची, यात काही अर्थ नाही.

तरीही काही गाड्यांत वडीच लावावी लागते. बऱ्याच नव्या गाड्यांत फ्लॅशरची वेगळी डबीच नसते, ते काम मीटरच्या किंवा कंट्रोल युनिटच्या आत होतं. तिथे बदलायला काही नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी शोरूमला विचारा, नाहीतर मूळचे बल्ब परत लावा. कंपनीनेच एलईडी इंडिकेटर दिलेल्या गाडीत मात्र फ्लॅशर त्याच हिशेबाचा असतो. तिथे वेग वाढला तर एखादी एलईडी खरोखर गेलेली असू शकते.

एक बाजू लावली की चारही लागतात

फ्लॅशर बदलला, वेग नीट झाला, पण डावा इंडिकेटर दिला की उजवेही मिणमिणतात. असं झालं तर नवा फ्लॅशर परत करू नका. मीटरवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच बाण आहे का बघा. अशा गाड्यांत बाणाचा छोटा बल्ब डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधे जोडलेला असतो. साधे बल्ब असताना त्याच्यातून पलीकडे जाणारा थोडासा करंट त्यांना पेटवू शकत नव्हता. एलईडीला तेवढाही पुरतो.

यावर दोन डायोड लागतात. १एन४००७ नंबरचे, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळतात. डाव्या वायरीतून एक, उजव्या वायरीतून एक, दोन्हींची चांदीच्या पट्टीची बाजू एकत्र करून बाणाच्या बल्बला. बल्बचं दुसरं टोक अर्थिंगला. सांध्यांना डाग देऊन वर प्लॅस्टिकची नळी चढवा, नुसती टेप उन्हात सुटते. वायरिंगचा सराव नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

एक गोष्ट मात्र फ्लॅशर बदलणाऱ्याला दुकानात सहसा कुणी सांगत नाही. एलईडीचा फ्लॅशर ठरलेल्या वेगानेच चालतो, त्यामुळे मागची एलईडी बंद पडली तरी पुढचा बाण नेहमीसारखाच लुकलुकत राहतो. जुना इशारा गेला. रात्री राजूरला किंवा शहराकडे निघताना चावी लावा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर द्या आणि गाडीच्या मागे जाऊन चारही डोळ्यांनी बघा. वाटेतच बंद पडला तर वळताना हात दाखवा, आणि उजवीकडे वळायचं असेल तर हात लवकर बाहेर काढा.